३१० ची रांग तिकिटात दिसत नाही

बसच्या रूटवर उद्या किती पॅसेंजर येतील हे काढायचं म्हटलं की सगळे आधी कंडक्टरच्या मशीनमधला डेटा मागतात, आणि बरोबरच आहे, मुंबईत भाडं अंतरावर असल्यामुळे माणूस कुठे चढला, कुठपर्यंतचं तिकीट काढलं, किती वाजता, सगळं त्यात असतं. पण तो हिशोब फक्त चढलेल्यांचा. सकाळी ऑफिसच्या टायमाला कुर्ला स्टेशनबाहेर बीकेसीकडे (वांद्रे-कुर्ला संकुल, तिथे ऑफिसं आहेत) जाणाऱ्या ३१० नंबरच्या बससाठी उभं राहून बघा, बस भरते, निघते, आणि मागे राहिलेले लोक वैतागून शेअर रिक्षा पकडतात. ते कुठल्याच मशीनमध्ये येत नाहीत. मग कॉम्प्युटर म्हणतो या वेळेला एवढीच मागणी. अहो ती मागणी नाही, ती बसमधली जागा आहे! आणि खरी भीती पुढेच, फेऱ्या कमी केल्या की लोक सोडून जातात, तिकिटं घटतात, आणि तोच आकडा दाखवून अजून फेऱ्या कमी होतात.

जुलै २०१९ मध्ये बेस्टने, म्हणजे मुंबईच्या बस चालवणाऱ्या उपक्रमाने, किमान भाडं ८ वरून ५ रुपये केलं आणि थोड्याच महिन्यांत रोजचे प्रवासी लाखांनी वाढले. ही माणसं काही आकाशातून पडली नव्हती, इथेच होती, फक्त आधीच्या तिकिटांत नव्हती. मे २०२५ मध्ये तेच भाडं १० झालं, म्हणजे २०२४ चे आकडे जसेच्या तसे आज लावून चालणार नाही.

तारखेचंही तसंच. गणपती २०२४ ला ७ सप्टेंबरला बसले, २०२५ ला २७ ऑगस्टला, आणि वांद्र्याची माउंट मेरीची जत्रा मात्र दरवर्षी ८ सप्टेंबरला किंवा त्यानंतरच्या रविवारीच सुरू होते. 'गेल्या वर्षी याच तारखेला' असं धरलं तर जत्रेचा अंदाज थोडाफार जमेल पण गणपतीचा सपशेल चुकेल, त्यामुळे डेटात तारीख आणि तिथी दोन्ही हव्यातच.

मला वाटतं अंदाज काढणाऱ्या भारी कॉम्प्युटर मॉडेलच्या आधी एक साधी गोष्ट करावी, कंडक्टरच्या मशीनमध्ये 'बस फुल, स्टॉपवर लोक राहिले' असं एक बटण द्यावं. ते दाबलेल्या फेरीचा आकडा 'एवढे' असा न धरता 'निदान एवढे तरी' असा धरायचा, आणि अशा फेऱ्या जिथे सारख्या दिसतील तिथे आठवडाभर माणूस उभा करून रांग मोजायची, आणि जादा बस पहिली तिथे सोडायची.