टंच किती? : विट्यातल्या एका लॅबची वाटचाल

रक्त-लघवी तपासायच्या आमच्या लॅबचं भांडवल गलाईचं आहे. बाहेरच्याला हे समजावून सांगावं लागतं, आमच्या सांगली जिल्ह्यातल्या विट्यात नाही. खानापूर-आटपाडीकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात जाऊन सोनं-चांदी गाळतात. देशातल्या कुठल्याही सराफ पेठेत जा, मागच्या बोळात आपल्याकडचं एखादं दुकान सापडतंच. माझे सासरे, मामंजी, तमिळनाडूत अठ्ठावीस वर्षं भट्टीपुढे बसले. त्या पैशातून 2004 साली स्टँडजवळ दहा बाय बाराचा गाळा घेतला. त्यात एक जुना मायक्रोस्कोप, रक्त फिरवून पेशी वेगळ्या करणारा सेंट्रिफ्यूज आणि सेमी-ऑटो अनालायझर आला. मी बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. केलेली थोरली सून. मिरजेच्या एक पॅथॉलॉजिस्ट मॅडम आठवड्यातून तीन दिवस यायच्या, पुढे त्या भागीदार झाल्या. त्यांनी बघितल्याशिवाय आणि सही केल्याशिवाय एकही रिपोर्ट बाहेर गेला नाही. 2017 च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने रिपोर्टवर पॅथॉलॉजिस्टचीच सही हवी हे स्पष्ट केलं, तेव्हा तालुक्या-तालुक्यातून पळापळ झाली. आम्ही निवांत होतो. पण त्या निवांतपणाची किंमत पहिली पाच-सहा वर्षं मोजलेली होती. मॅडमचा हिस्सा आणि किटचे पैसे दिले की हातात जेमतेम लाइटबिल उरायचं.

सुरुवातीला शुगर, हिमोग्लोबिन, लघवी, टायफॉइडची विडाल एवढंच चालायचं. अंगातल्या विषाची किंवा व्हिटॅमिनची तपासणी आमच्या ध्यानीमनीही नव्हती. ती घरातूनच आली.

2009 च्या दिवाळीत मामंजी कायमचे गावी परतले. पोटात कळा यायच्या, चार-चार दिवस शौचाला व्हायचं नाही, चेहरा पिवळट झालेला. पोटाचा एक्स-रे झाला, सोनोग्राफी झाली, गॅसच्या गोळ्या झाल्या. हिमोग्लोबिन 9.2 होतं आणि वर्षभर लोहाच्या गोळ्या घेऊनही ते हलत नव्हतं. मी ते आमच्याच मशिनवर तीनदा लावलं होतं, स्लाइड मात्र एकदाही नीट बघितली नव्हती. घरचं माणूस म्हणून की काय, कोण जाणे.

मॅडमनी विचारलं, "हे काम काय करायचे?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "बोटातून ताजं रक्त घे आणि लगेच स्लाइड ओढ. ईडीटीएच्या बल्बातलं नको." ईडीटीए म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन; त्यात रक्त पडून राहिलं की त्या शोधत होत्या ती खूण पुसट होते. स्लाइड रंगवून शंभरच्या लेन्सखाली धरली, तर लाल पेशींवर निळसर ठिपके. कुणी टाकानं बारीक शाई शिंपडावी तसे. थॅलेसेमियातही असे ठिपके दिसतात, म्हणून तेवढ्यावर शिसं म्हणता येत नाही. पण सोन्याचा टंच, म्हणजे कस, काढताना शिसं वापरायची पद्धत किती जुनी आहे, आणि बंद खोलीत त्या धुरात माणूस किती वर्षं बसतो, हे आमच्या घरात कुणाला सांगायची गरज नव्हती. रक्त मुंबईच्या मोठ्या लॅबला पाठवलं. शिसं निघालं डेसिलिटरला 61 मायक्रोग्रॅम. अमेरिकेत लहान मुलांसाठी 2021 पासून 3.5 च्या वर गेलं तरी चौकशी सुरू करतात, यावरून 61 म्हणजे काय ते कळेल.

शिसं रक्त तयार होण्याच्या साखळीतले एन्झाइम अडवतं, म्हणून लोहाच्या गोळ्यांनी काही होत नव्हतं. लोह होतं, ते हिमोग्लोबिनमध्ये बसवायची यंत्रणाच बंद पडली होती. पुढचे उपचार सांगलीच्या फिजिशियननी केले. मामंजींना रिपोर्ट दाखवला तेव्हा ते कागद उलटापालटा करून म्हणाले, "म्हणजे आमचाच टंच काढलास म्हण की."

तेव्हापासून गलाईवाले गावी आले, म्हणजे यात्रेला, लग्नसराईत, दिवाळीला, की आमच्याकडे शिशाचं सॅम्पल देऊन जातात. सॅम्पल आम्ही शिरेतूनच घेतो. बोटाच्या कातडीवर शिशाची धूळ बसलेली असते आणि टोचलं की तीच थेंबात उतरते. हात साबणाने धुऊनही मॅडमचा बोटावर विश्वास नाही.

पोषणाच्या तपासण्या 2012 च्या सुमारास वाढल्या. बी-12 तर घरोघरी झालं. आमच्या भागात माळकरी घरं पुष्कळ, त्यात दूध-दही पोटभर खाणारे कमी, आणि शुगरसाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं बी-12 आणखी उतरतं. रिपोर्टमध्ये 200 पिकोग्रॅमच्या खाली आलं तर कमतरता आहे यात प्रश्न नाही. 200 ते 300 मध्ये आलं की खरी पंचाईत. मग होमोसिस्टीन, रक्तातलं एक अमिनो आम्ल, बघायचं. पेशींना बी-12 किंवा फॉलेट कमी पडायला लागलं की ते 15 च्या वर चढतं. आम्ही उत्साहाने ही तपासणी सुरू केली आणि पहिल्याच उन्हाळ्यात तोंडघशी पडलो.

एका गावात देवळात कॅम्प होता. सकाळी आठला सव्वीस जणांचं रक्त घेतलं. नंतर सरपंचांचं भाषण, सत्कार, पोहे. आमचा पोऱ्या गाडीला सॅम्पलची पिशवी अडकवून साडेबाराला लॅबमध्ये पोचला, तेव्हा कुठे सेंट्रिफ्यूज फिरला. होमोसिस्टीन कुणाचं 22, कुणाचं 27, कुणाचं 31. सव्वीसपैकी चोवीस जास्त. मी तर खूश, केवढी मोठी गोष्ट सापडली! मॅडमनी यादी बघितली आणि शांतपणे विचारलं, "सगळ्या गावाचं एकाच दिवशी वाढलं का गं?"

रक्त नळीत असलं तरी लाल पेशी जिवंतच असतात, आणि त्या होमोसिस्टीन बाहेर सोडत राहतात. साध्या तापमानाला तासाला साधारण दहा टक्के वाढ होते. मे महिन्यात गाडीला अडकवलेल्या पिशवीत किती होत असेल ते सोडाच. नळी लगेच बर्फात ठेवायची आणि तासाभरात पेशींपासून प्लाझ्मा, म्हणजे वरचं पाणी, वेगळा करायचा, हे किटच्या कागदावर लिहिलेलं होतं. मी तो कागद वाचला होता, पण कॅम्पच्या गडबडीत पाळला नव्हता. सगळ्यांना फोन करून पुन्हा बोलावलं, पैसे घेतले नाहीत, थर्मासात बर्फ नेला. दुसऱ्या खेपेला जास्त निघाले अकरा. पहिले रिपोर्ट तसेच गेले असते तर उरलेल्या तेरा जणांना वर्षभर इंजेक्शनं टोचली गेली असती, आणि पुढच्या तपासणीत आकडा उतरल्यावर सगळ्यांनी आमचीच पाठ थोपटली असती.

आता काउंटरवर रक्त घ्यायच्या आधी एक कागद भरून घेतो. त्यातला सर्वांत उपयोगी प्रश्न आहे, "केसांसाठी काही गोळ्या चालू आहेत का?" केसगळतीच्या गोळ्यांत बायोटिन नावाचं व्हिटॅमिन भरपूर असतं. काही मशिनची रसायनंच बायोटिनच्या पकडीवर चालतात, तिथे या गोळ्या मध्ये शिरतात; बी-12 आणि व्हिटॅमिन डी खोटं जास्त येतं, थायरॉइडचं टीएसएच खोटं कमी येतं. कॉलेजच्या एका मुलीचं डी 90 च्या वर आलं. ऊन अंगावर न घेणारी मुलगी. गोळ्या चार दिवस बंद करून पुन्हा केलं तर 14.

फेरिटिनचंही तसंच. कोविडच्या दोन वर्षांत हा शब्द पानटपरीवर पोचला, तो सूज मोजणारा आकडा म्हणून. खरं तर ते अंगातल्या लोहाची शिल्लक सांगतं. पण अंगात कुठे जंतुसंसर्ग किंवा सूज असली की ते आपोआप चढतं आणि शिल्लक नसताना असल्यासारखी दिसते. एका बाईंचं हिमोग्लोबिन 8 आणि फेरिटिन 58 होतं. लोह पुष्कळ आहे म्हणून त्यांच्या गोळ्या बंद झाल्या होत्या. सांधे सुजलेले होते, सूज दाखवणारं सीआरपी लावलं तर तेही भरपूर वाढलेलं. धडधाकट मोठ्या माणसाला 15 च्या खाली म्हणजे कमतरता, सूज असेल तर 70 च्या खालीही कमतरताच धरायची, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्ये सांगितलंय. आम्ही तेव्हापासून फेरिटिनबरोबर सीआरपी निम्म्या दरात करतो. धंदा म्हणून ते वेडेपणाचं आहे, हे माझे मिस्टर दर मार्चअखेरीस सांगतात.

झिंकबद्दल एवढंच सांगते की साध्या नळीच्या रबरी बुचातूनही झिंक उतरतं. त्यासाठी गडद निळ्या झाकणाची वेगळी नळी लागते. ती महाग पडते आणि मागवल्यावर वेळेवर येत नाही.

द्राक्षांच्या पट्ट्यात लॅब असून कोलिनेस्टरेजची, म्हणजे कीटकनाशकानं बंद पडणाऱ्या एन्झाइमची, तपासणी नाही, हे बरोबर नव्हतं. ऑक्टोबरची छाटणी झाली की दिवसाआड औषध फवारणारा ब्लोअर फिरतो. 2017 साली यवतमाळकडे कापसावर औषध मारताना शेतकरी-मजूर दगावले, त्यानंतर आम्ही ही तपासणी जागेवरच करायला लागलो. सॅम्पल मिरजेला पाठवून संध्याकाळी आकडा आला तर त्याचा उपयोग काय? पद्धत सोपी आहे. एन्झाइम शाबूत असेल तर क्युव्हेटमध्ये, म्हणजे मशिनच्या छोट्या पारदर्शक नळीत, पिवळा रंग चढत जातो. ऑर्गनोफॉस्फेट जातीच्या कीटकनाशकानं ते बांधलं असेल तर रंग चढतच नाही. आमच्या जुन्या सेमी-ऑटोवरही होते. एकदा रात्री अकराला एक पोरगा आणला, लाळ गळतेय, घामानं शर्ट चिंब, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. क्युव्हेट लावला आणि मी स्क्रीनकडे बघत बसले. रेघ सरळ आडवी. डॉक्टरांनी माझ्या आकड्याची वाट न बघता ॲट्रोपिन, या विषावरचा उतारा, सुरू केलं होतं, आणि ते योग्यच होतं.

अवघड प्रकरण असतं ते थोडं-थोडं रोज अंगात जाणाऱ्याचं. माणसामाणसात या एन्झाइमचं मूळ प्रमाण इतकं वेगळं असतं की एखाद्याचं तीस टक्क्यांनी उतरलं तरी छापील नॉर्मलमध्येच बसतं. यकृत बिघडलं तरी ते कमी होतं, गरोदरपणातही होतं. म्हणून फवारणी करणाऱ्या मजुरांचं आम्ही हंगामाआधी, ऑगस्टमध्ये एकदा करून ठेवतो आणि वहीत लिहितो. पुढचा आकडा त्याच्या स्वतःच्या आकड्याशी ताडायचा. यंदा त्या वहीत 140 नावं आहेत. अर्ध्यांचे पैसे बागायतदार भरतात, उरलेल्यांचे उधार.

तीन वर्षांपूर्वी एक प्रतिनिधी 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस प्रोफाइल' घेऊन आला. चकचकीत ब्रोशर, पेशंटला साडेचार हजार, त्यातले निम्मे आम्हाला. मॅडम चहा पीत ऐकत होत्या. त्यातली मुख्य तपासणी एमडीएची, म्हणजे अंगातल्या चरबीचं ऑक्सिडेशन झालं की तयार होणाऱ्या पदार्थाची. मी ती एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला शेकड्यांनी केली आहे: सीरममध्ये थायोबार्बिट्युरिक ॲसिड घालायचं, उकळत्या पाण्यात ठेवायचं, गुलाबी रंग येतो. पण हा रंग एकट्या एमडीएचा नसतो. साखर, बिलिरुबिनही त्यात हात घालतात, आणि उकळतानाच नवीन एमडीए तयार होतं ते वेगळंच. दोन गटांची तुलना करायला संशोधनात चालेल. एका माणसाला गोळी द्यायची की नाही, हे त्यावरून कसं ठरवणार? दुसरी तपासणी 'टोटल अँटिऑक्सिडंट'. तिच्या एका प्रचलित पद्धतीत निम्म्याहून जास्त आकडा युरिक ॲसिडचा असतो, जे वाढलं की गाउट होतो. मी त्याला म्हटलं, "म्हणजे ज्याचा अंगठा गाउटनं ठणकतोय तो तुमच्या रिपोर्टात सगळ्यांत तंदुरुस्त." तो हसला, ब्रोशर ठेवून गेला. पंधरा दिवसांनी तेच पॅकेज आमच्या समोरच्या गल्लीत फ्लेक्सवर होतं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? त्या महिन्यात आमचा नवा सेल काउंटर हप्त्यावर होता.

ऑक्सिडेशनच्या बाबतीत आम्ही ठेवली ती एकच, जी-6-पीडी. लाल पेशींना ऑक्सिडेशनपासून वाचवणारं हे एन्झाइम कमी असलेल्याला मलेरियाचं प्रायमाक्विन दिलं तर लाल पेशी फुटू शकतात. महिन्याला चार-पाच होतात. किट कधीकधी मुदत संपून वाया जातं.

केसांतल्या धातूंची तपासणी मागायला अजूनही लोक येतात. केसांना लावलेला डाय, शांपू, बोअरचं पाणी, सगळं त्या केसात बसलेलं असतं. पोटात काय गेलं ते वेगळं कसं काढायचं? नाही म्हणून परत पाठवतो. काही जण रागावून जातात.

मामंजी आता ब्याऐंशीचे आहेत. रक्तातलं शिसं पहिल्या वर्षात भराभर उतरलं, मग अडलं. इतकी वर्षं हाडांत साठलेलं सावकाश बाहेर पडत राहतं. मागच्या साली घरात पडून खुब्याचं हाड मोडलं आणि तीन महिने अंथरुणाला खिळले, तेव्हा आकडा पुन्हा थोडा वर गेला होता. हाड झिजायला लागलं की त्यातलं शिसं रक्तात उतरतं. यंदाच्या दिवाळीत 11 आलं. धाकटे दीर अजून कोइमतूरला दुकान चालवतात, त्यांचं 34. मामंजी व्हरांड्यात खुर्चीत बसून होते, मी दोन्ही पाकिटं घेऊन आले तशी मान वर करून विचारलं, "टंच किती?"

मी त्यांचा सांगितला. धाकट्याचं पाकीट त्यांनी स्वतः मागून घेतलं आणि चष्मा शोधायला लागले.