डावा पाय

सातव्या महिन्यात माझा डावा पाय सुजला. सासूबाई म्हणे, "दिवसभर पऱ्हाटी वेचली ना तू, म्हणून सुजला असन, हळद लाव." गावातल्या डॉक्टरनंबी तेच सांगितलं, दिवसात सूज येतेच. पण येते ती दोन्ही पायाले न, एकाच कशी? मी शिलाई मशीनवरचा टेप काढला अन् दोन्ही पोटऱ्या मोजल्या, डावी चांगली तीन सेंटीमीटर जास्त, दाबली की कळ निघे.

आशाताईनं जबरदस्तीनं यवतमाळले नेलं. डॉपलर, म्हणजे शिरेतलं रक्त कसं वाहते ते पाहाची सोनोग्राफी, केलं तं शिरेत गुठळी. तिथल्या मॅडमनं पहिलं विचारलं, "आधी काही?" आधीचे दोन गेले होते, एक तिसऱ्या महिन्यात, एक पाचव्यात, पण ते कोणी याच्याशी जोडलंच नव्हतं, नशीब म्हणून सोडून दिलं होतं (माझ्याच नशिबाले शिव्या, दुसरं काय).

नाव निघालं अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. यात गंमत अशी की तपासणीच्या काचेच्या नळीत रक्त गोठायले उशीर लागते अन् अंगात मात्र गुठळ्या होतात, बाळाले पोसणाऱ्या वारेतबी. रक्ताची टेस्ट १२ आठवड्यांनी परत करा लागते, तेव्हा पक्कं. अन् दिवसात गुठळी डावीकडेच जास्त होते म्हणे, तिकडची शीर दबते म्हणून.

मग रोज पोटाच्या कातडीत गुठळी होऊ न देणारं हेपरिनचं इंजेक्शन, सोबत अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी. सुई नवराच टोचे, हात थरथरे त्याचा, माझं पोट निळंजांभळं. पोरगी आता आठ महिन्यांची आहे, तो टेप चघळत बसते.