सा ताटू म्हणजे सकाळचे नऊ

प्राथमिक शिक्षिका म्हणून निवृत्त झाले आणि पोरांच्या गलक्याशिवाय घर खायला उठलं. टांझानियात, किलिमांजारोच्या पायथ्याशी मोशी नावाचं गाव आहे. तिथल्या एका प्राथमिक शाळेत स्वयंसेवक म्हणून तीन महिने काम करून आले. कसं जायचं, असं बरेच जण विचारतात, म्हणून लिहिते आहे.

आधी एका एजंटाकडे गेले होते. त्यानं अनाथाश्रमातले पंधरा दिवस सुचवले. "मॅडम, टुरिस्ट व्हिसावर जाऊन या, कोण बघतंय?" मी विचारलं, पोलिसांचा दाखला? "काही लागत नाही." तिथूनच मी उठले. आपण शाळेच्या रिक्षावाल्याचीसुद्धा चौकशी करतो, आणि हे परक्या माणसाला थेट मुलांत नेऊन बसवणार! शिवाय अनाथाश्रमांतल्या बहुतेक मुलांची आई किंवा वडील हयात असतात, हे युनिसेफसारख्या संस्था कितीतरी वर्षं सांगताहेत. पाहुण्यांच्या पैशासाठी मूल घरापासून तोडलं जात असेल, तर त्यात माझा एक रुपयाही नको होता.

मग शाळा शोधली. त्यांनीच दाखला मागितला, तेव्हा जिवात जीव आला. पासपोर्ट कोल्हापूरच्या पोस्टातल्या केंद्रातून झाला होता, पोलिसांचा दाखलाही पासपोर्टच्याच पोर्टलवर अर्ज करून मिळाला. टांझानियात स्वयंसेवकाला टुरिस्ट व्हिसा चालत नाही, 'क्लास सी' निवास परवाना लागतो. तो शाळेनं तिकडून काढला. विमान इथिओपियातल्या आदिस अबाबामार्गे होतं आणि त्या देशात पीतज्वर (यलो फीवर) आढळतो, म्हणून रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरून मुंबईला गेले आणि त्याची लस घेतली. ही किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, प्रमाणपत्र मात्र आता आयुष्यभर चालतं.

"वहिनी, आपल्याकडं शाळा कमी आहेत का?" धाकट्या दिरांनी विचारलं. प्रश्न खराच होता. मी म्हटलं, भावजी, तिथं वर्ग ताब्यात घ्यायला जात नाही, तिथल्या बाईंच्या शेजारी बसायला जातेय. टांझानियात प्राथमिक शिक्षण स्वाहिलीत होतं. मातृभाषेतून अंक शिकवण्यात माझी हयात गेली, दुसऱ्या भाषेत ते कसं चालतं हे मला बघायचं होतं.

पहिल्या दिवशी अख्खा वर्ग उभा राहिला, "शिकामो, म्वालिमू!" हा मोठ्यांना करायचा नमस्कार. उत्तर "मराहाबा" असं द्यायचं. म्वालिमू म्हणजे शिक्षक. त्यांचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनाही लोक म्वालिमूच म्हणत. मधल्या सुट्टीत उजी मिळायची, मक्याच्या पिठाची पातळ पेज. पहिला घोट घेतला आणि कोल्हापुरातल्या ओढ्यावरच्या रेणुकेच्या देवळातली आंबील आठवली. ताक मात्र नसतं. चाय, चपाती, गाडीला 'गारी', लाखाला 'लाकी' असे ओळखीचे शब्द कानावर पडले की बरं वाटायचं.

पण एक चूक अजून टोचते. एका मुलाच्या आईला मी तीन वाजता भेटायला बोलावलं. अंक नुकतेच पाठ झाले होते, म्हणून ऐटीत "सा ताटू" म्हणाले. ताटू म्हणजे तीन. पण स्वाहिलीत तास सकाळी सहापासून मोजतात, म्हणून सा ताटू म्हणजे सकाळचे नऊ. ती नऊला आली. पाठीशी कांगात, म्हणजे तिथल्या बायका गुंडाळतात त्या रंगीत कापडात, बांधलेलं बाळ, शेजारी केळ्यांची टोपली. कुणाची तरी वाट बघत असेल, असं मला वर्गातून वाटलं. दुपारी बाईंनी ती कोण ते सांगितलं, तोवर तिचा बाजार बुडाला होता. मी हात जोडले, तर तीच म्हणाली, "पोले, म्वालिमू." समोरच्याला झालेल्या त्रासाबद्दल हळहळ म्हणून हा शब्द वापरतात, चूक आपली नसली तरी. टोपलीतली केळी मी घेतली, पण गेलेला दिवस काही परत देता आला नाही.

मी कधी जाणार ती तारीख मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगितली होती, फळ्याच्या कोपऱ्यात लिहूनच ठेवली होती. बाटल्यांच्या झाकणांवर दशक-एकक शिकवायची पद्धत बाईंनी आणि मी मिळून बसवली. मुलांचे फोटो काढायचे नाहीत, हा शाळेचा नियम होता, त्यामुळे घरच्या ग्रुपवर मी फक्त डोंगर पाठवत राहिले.

गेल्या आठवड्यात बाईंनी एक फोटो पाठवला. त्यात चेहरा एकही नाही. मातीच्या जमिनीवर झाकणांच्या दहा-दहाच्या रांगा, आणि कडेला एक सुटं झाकण घेऊन आलेला छोटा हात.