गच्चीवरचा पोपट: पहिला तोडा

आज सकाळी पहिला तोडा झाला. सव्वा किलो शेंगा निघाल्या, सोलून अर्ध्या किलोच्या आसपास दाणे. विदर्भाबाहेरच्या मंडळींसाठी सांगते, वालाच्या या हिरव्या, टपोऱ्या दाण्यांना आमच्याकडे पोपट म्हणतात. शेंग नखाने चिरली की बोटांना जो उग्र, हिरवा वास लागतो तो दुपारपर्यंत जात नाही. मला तो फार आवडतो.

जुलै: रंगाच्या २० लिटरच्या चार बादल्या, तळाला भोकं पाडून. आपली काळी माती नुसती भरली तर पावसात चिखल आणि उघडीप मिळाली की वीट. म्हणून निम्मी माती, बाकी कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू. गावरान बी रात्रभर भिजवून टोकलं, पाच-सहा दिवसांत वर आलं.

सप्टेंबर: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघाली तोवर वेल जिन्याच्या छतावर चढला होता, पण फूल एकही नाही. मागच्या वर्षी मी इथेच चुकले. घाईने युरिया टाकला आणि नुसता पाला वाढवला. यंदा सासूबाईंनी अडवलं, "त्याले काही देऊ नको, थंडी पडू दे." त्यांचं बरोबर होतं. गावरान वाल दिवस लहान आणि रात्र मोठी झाल्याशिवाय फुलत नाही, आणि नत्राची सोय तो स्वतःच करतो. वाळलेलं एक रोप उपटलं तर मुळांवर मोहरीएवढ्या गाठी होत्या. एक फोडून पाहिली, आतून गुलाबी! गुलाबी गाठ म्हणजे आतले रायझोबियम जिवाणू हवेतलं नत्र बांधताहेत.

दसऱ्याला तीन बादल्यांवर जांभळे तुरे आले, चौथीवर काहीच नाही. माती तीच, बी तेच. मग लक्षात आलं, चौथी जिन्याच्या दिव्याखाली आहे आणि तो दिवा रात्रभर जळतो. तिच्यासाठी रात्र होतच नव्हती! दिवा बंद ठेवायला लागले, तीन आठवड्यांनी तिथेही तुरे. एकाच बादलीचा अनुभव आहे, पण तुमचा वेल रस्त्याच्या दिव्याखाली फुलत नसेल तर जागा बदलून पाहा.

दिवाळीत शेंड्यांवर काळा मावा आला. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर भिजवून, गाळून, संध्याकाळी मधमाश्या गेल्यावर फवारली. दोनदा पुरे झालं.

आता ताटाकडे. ह्यांना शुगर आहे, म्हणून पोपट-वांग्याची भाजी आमच्याकडे आठवड्यातून दोनदा होते. दाण्यातला तंतू आणि सावकाश पचणारा स्टार्च यामुळे रक्तातली साखर एकदम उसळत नाही. सोबत ज्वारीची भाकरीच हवी. ज्वारीत लायसिन हा प्रथिनाचा घटक कमी, तो वालात भरपूर. वालात मेथिओनिन हा प्रथिनाचा दुसरा घटक कमी, तो ज्वारी भरून काढते. वरून लिंबू पिळा, त्याने दाण्यातलं लोह अंगी जास्त लागतं. भरपूर सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, तर हवाच. वाळलेले वाल मात्र रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात पुरते शिजवा. कच्चे वाळके दाणे खाऊ नका, ते बाधतात.

चौथ्या बादलीच्या शेंगा अजून चपट्या आहेत. भोगीपर्यंत भरतील, त्या भाजीसाठीच राखून ठेवल्यात.