अनुदान माणसावर खर्च व्हावे

दिव्यांग मुलांसाठी काम करणाऱ्या सोलापुरातल्या एका लहान संस्थेचे अनुदान-प्रस्ताव लिहून देण्याचे काम मी निवृत्तीनंतर अंगावर घेतले आहे. चाकाच्या खुर्च्या, कॅलिपर, श्रवणयंत्रे यांना दाते मिळतात. वाटपाचा कार्यक्रम होतो, पाहुणे येतात, वर्तमानपत्रात छायाचित्र येते. घोडे अडते ते त्यानंतर. श्रवणयंत्र मिळालेल्या चार वर्षांच्या मुलाचा कान वाढतो तसा कानातला साचा बदलावा लागतो, यंत्राची जुळणी पुन्हा करावी लागते, आणि कानावर पडणाऱ्या आवाजाला अर्थ असतो हे त्याला महिनोन्‌महिने शिकवावे लागते. हे करणारा प्रशिक्षित माणूस जवळपास नसला की यंत्र कपाटात जाते.

असा माणूस वाटेल तसा तयारही करता येत नाही. १९९२च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यानुसार मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आणि परिषदेकडील नोंदणी यांशिवाय विशेष शिक्षक किंवा वाचा-उपचारतज्ज्ञ म्हणून काम करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. गरज मात्र वाढली आहे. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेले. २८ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक स्तरावर १० दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढील स्तरांवर १५ मागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण घालून दिले.

पैसा देण्यास कायद्याची आडकाठी नाही. कंपनी कायदा, २०१३च्या कलम १३५ खाली सामाजिक दायित्वाचा जो निधी खर्च करायचा असतो, त्याच्या सातव्या अनुसूचीत विशेष शिक्षणाचा उल्लेख आहे. अडचण अर्जातल्या ‘लाभार्थी संख्या’ या रकान्याची आहे. शंभर खुर्च्या म्हणजे शंभर लाभार्थी. चार मुलींना विशेष शिक्षणातील बी.एड. करू द्या म्हटले की लाभार्थी चार, आणि माणशी खर्च पाहून समोरचा अधिकारी चष्मा काढून ठेवतो. दहा मुलांचा वर्ग आणि पंचवीस वर्षांची नोकरी हा गुणाकार मी प्रस्तावात लिहितो खरा, पण आर्थिक वर्ष मार्चमध्ये संपत असल्याने पंचवीस वर्षांचा हिशोब कोणाच्याच अहवालात बसत नाही.

शिवाय ‘प्रशिक्षण’ म्हटले की दात्यांना दोन दिवसांची कार्यशाळा आठवते. तिचा उपयोग नाही असे नाही. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी निरंतर शिक्षणाचे गुण लागतातच. पण तिच्यातून नवा तज्ज्ञ तयार होत नाही. बी.एड. दोन वर्षांचे आहे, आणि माझ्या अनुभवात शुल्कापेक्षा पुण्यामुंबईतला राहण्याचा खर्च व घरी थांबणारी मिळकत यांनीच मुली मागे फिरतात. म्हणून शुल्कमाफीपेक्षा मासिक विद्यावेतन मला अधिक महत्त्वाचे वाटते.

सोलापूरसाठी याला आणखी एक कारण आहे. शहराच्या पूर्व भागात अनेक घरांत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे कन्नड, शिवाय उर्दू आहेच. ज्याचे बोलणेच उशिरा उमलते आहे अशा मुलाशी घरच्या भाषेत काम व्हावे लागते. बाहेरून आठवड्यातून एकदा येणारा तज्ज्ञ कितीही निष्णात असला तरी मुलाच्या आईला घरी काय करायचे ते नीट समजावू शकत नाही. तेव्हा याच वस्त्यांतल्या मुली निवडून शिकवाव्यात, हे माझे ठाम मत आहे.

शिकून त्या परत येतील कशावरून, हा प्रश्न प्रत्येक दाता विचारतो. अमेरिकेत १९७५च्या कायद्यातून पुढे आलेल्या अपंग शिक्षणाच्या व्यवस्थेत केंद्र सरकार विद्यापीठांना अनुदान देते, त्यातून विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळते, आणि तिच्या प्रत्येक वर्षामागे दोन वर्षे या क्षेत्रात सेवा करावी लागते. न केल्यास पैसे परत. यातली मला पटलेली बाब अशी की ते बंधन क्षेत्राशी असते, एका मालकाशी नसते. आपल्याकडे मूळ प्रमाणपत्रे कपाटात ठेवून घेऊन पडेल पगारावर राबवणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत, आणि त्या मार्गाने माणूस टिकत नाही, संधी मिळताच निघून जातो. वर्षानुवर्षे कंत्राटावर काम केलेल्या विशेष शिक्षकांकडे पाहून नव्या मुली बिचकतात, तेही स्वाभाविक आहे. ज्याला पदाची हमी देता येत नाही त्याने सेवेची हमी मागू नये.

यंदाच्या मसुद्यात म्हणून मी तीन गोष्टी एकत्र मागितल्या आहेत: दोन वर्षांचे विद्यावेतन, परतल्यानंतरच्या पहिल्या तीन वर्षांच्या पगारातला वाटा, आणि जिल्ह्यातल्या कोणत्याही शाळेत किंवा उपचार केंद्रात पुरी करता येईल अशी सेवेची अट. दुसऱ्या मागणीवर विश्वस्तांचे एकमत नाही. ‘पगार’ हा शब्द दिसला की दाता पळतो, असे खजिनदारांचे म्हणणे आहे. मी तो शब्द काढलेला नाही, आणि पुढच्या बैठकीत त्यावर मतदान घ्यावे असे कळवले आहे.