जुन्या आर्केड मशीनचा पॉवर सप्लाय: दुरुस्त करावा की बदलावा?

गेम मधेच रिसेट होतो, स्क्रीनवर अक्षरांचा कचरा दिसतो किंवा आवाजात घरघर येते, की लगेच नवा स्विचिंग सप्लाय (आतल्या आत वेगाने चालू-बंद होऊन व्होल्टेज देणारा तयार सप्लाय) मागवला जातो. नवा सप्लाय बसतो आणि तोच गेम पुन्हा तसाच रिसेट होतो. आजार म्हशीला, इंजेक्शन पखालीला. 1970 आणि 80च्या दशकांतल्या या मशीनमध्ये दोष सप्लायपेक्षा सप्लाय आणि बोर्ड यांच्या मधल्या वाटेवर जास्त सापडतो. म्हणून पाना-पकड हातात घेण्याआधी मल्टिमीटर घ्या.

5 व्होल्ट सप्लायच्या टोकांवर मोजून समाधान मानू नका. ते बोर्डावरच्या चिपच्या पायांवर मोजायचे. 14 पायांच्या बहुतेक टीटीएल (5 व्होल्टवर चालणाऱ्या जुन्या लॉजिक) चिपमध्ये पाय 7 ग्राउंड आणि 14 ला +5 असतात. 16 पायांच्या चिपमध्ये 8 आणि 16. (7490 आणि 7493 मात्र उलट्या काळजाच्या: त्यांचे +5 पाय 5 वर आणि ग्राउंड पाय 10 वर.) टीटीएलला 4.75 ते 5.25 चालतात, पण जुन्या बोर्डाला 5.00 ते 5.10 द्यावेत. सप्लायच्या टोकाशी 5.10 आणि चिपवर 4.70 येत असतील, तर 0.4 व्होल्ट वाटेत हरवले आहेत आणि नवा सप्लाय आणूनही ते हरवणारच. ग्राउंडची वाटही तपासा: काळा प्रोब सप्लायच्या ग्राउंडवर, लाल बोर्डाच्या ग्राउंडवर, मशीन चालू. 0.05 व्होल्टच्या वर काही दिसलं तर ग्राउंडच्या पिनाही खराब आहेत. ही बाजू बहुतेक जण तपासतच नाहीत.

साधा हिशोब करा. बोर्ड 4 अँपिअर ओढतो आणि एका जुनाट संपर्काचा रोध 0.05 ओहम आहे. तिथे 0.2 व्होल्ट पडतात आणि त्या इवल्याशा पिनेत 0.8 वॉट उष्णता तयार होते. उष्णतेने पिनेचा ताण जातो, ताण गेला की रोध वाढतो, रोध वाढला की उष्णता आणखी वाढते. कनेक्टरचं प्लास्टिक तपकिरी पडतं ते यामुळे. अशा वेळी सप्लायचा पॉट (व्होल्टेज कमी-जास्त करायचा छोटा नॉब) फिरवून व्होल्टेज वर नेणं हा सगळ्यात वाईट उपाय. खराब पिनेतून तेवढाच करंट जात राहतो, आणि उद्या कुणी कनेक्टर हलवून संपर्क सुधारला की बोर्डाला थेट 5.4 व्होल्ट मिळतात.

कनेक्टर बदलताना दोन्ही बाजू बदला: बोर्डावरचा पिनांचा हेडर आणि तारेकडचं हाउसिंग. जळक्या हेडरवर नवा संपर्क बसवला तर काही महिन्यांत तोही जळतो. या काळातल्या पॉवर कनेक्टरमध्ये 3.96 मिलिमीटर अंतराच्या पिना सर्रास असतात. त्यासाठी तीन बाजूंनी पकडणारे, फॉस्फर ब्राँझचे क्रिंप (तारेवर दाबून बसवायचे) संपर्क घ्या आणि योग्य क्रिंपिंग टूल वापरा. साध्या पकडीने दाबून वर सोल्डर ओतलेली पिन दिसायला भक्कम असते, पण सोल्डर तारेत वर चढून ती कडक होते आणि नेमकी तिथेच तुटते. हेडरच्या पायाभोवती सोल्डरमध्ये भिंगाखाली बारीक काळी वर्तुळं दिसली, तर ते जोड तडकलेले आहेत. जुनं सोल्डर पूर्ण काढा आणि नवं भरा. वरून नुसती इस्त्री फिरवल्यासारखं गरम करून टिकत नाही. एज कनेक्टरची, म्हणजे बोर्डाच्या कडेवरची धातूची, बोटं आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि मऊ खोडरबराने साफ करा. सँडपेपर लावला तर वरचा मुलामाच जातो.

फ्यूजचे क्लिपही याच रोगाचे बळी. मशीन चालू असताना फ्यूजच्या दोन्ही बाजूंच्या क्लिपमध्ये व्होल्टेज मोजा, काही दशांश व्होल्ट दिसले तर क्लिप ढिला झाला आहे. मेन्सच्या (घरच्या विजेच्या) बाजूच्या फ्यूजवर मात्र चालू मशीनमध्ये प्रोब लावू नका. तिथे प्लग काढून ओहममध्येच तपासा.

ही वाट स्वच्छ असूनही 5 व्होल्ट डगमगत असतील, तर मूळ सप्लाय उघडायचा. जुना लिनिअर सप्लाय म्हणजे ट्रान्सफॉर्मर, फ्यूज, एसीचं डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर, मोठा कपॅसिटर आणि व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर, एवढंच. याची दुरुस्ती खरंच अवघड नाही. सगळे भाग आजही मिळतात, आणि एकदा नीट झाला की हा सप्लाय अनेक वर्षं त्रास देत नाही.

गेमचा बोर्ड काढून ठेवा. मेन्स काढा, कपॅसिटर 100 ओहम 5 वॉटच्या रोधातून रिकामा करा आणि मीटरने खात्री करा. स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करायची सवय सोडा. मग आधी मेन्स पुन्हा जोडून ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीची एसी व्होल्टेज सर्किटच्या आकृतीवरच्या आकड्यांशी ताडून पाहा. जुन्या ट्रान्सफॉर्मरला अनेकदा वेगवेगळ्या मेन्ससाठी टॅप असतात, आणि अटारी कंपनीच्या ब्रिकवर (ट्रान्सफॉर्मर आणि मोठा कपॅसिटर असलेल्या जड सप्लायवर) त्यासाठी वेगळा निवड-प्लग असतो. चुकीच्या टॅपमुळे सगळेच आकडे एकाच प्रमाणात कमी-जास्त दिसतात. मग मेन्स काढून, कपॅसिटर पुन्हा रिकामा करून ब्रिज: डायोड मोडवर चारही डायोड एका दिशेने साधारण 0.5 व्होल्ट आणि उलट दिशेने बंद. शंका असेल तर 35 अँपिअर 400 व्होल्टचा नवा बसवा, खाली थर्मल पेस्ट लावून.

मोठ्या कपॅसिटरवर थोडं थांबू, कारण रिसेट होणाऱ्या मशीनचं उत्तर बरेचदा इथे असतं. अटारीच्या ब्रिकमधला निळा डबा, शौकीन ज्याला ‘बिग ब्लू’ म्हणतात, सुमारे 27,000 मायक्रोफॅरडचा असतो. 50 हर्ट्झ मेन्सवर फुल वेव्ह रेक्टिफायर दर 10 मिलिसेकंदांनी कपॅसिटर भरतो. मधल्या वेळात 4 अँपिअरचा लोड त्यातून साधारण दीड व्होल्ट खाली ओढतो (4 × 0.01 ÷ 0.027). 60 हर्ट्झवर हा आकडा सव्वा व्होल्टपर्यंत येतो. आता कपॅसिटर सुकून निम्मा झाला असेल, तर हीच दरी 3 व्होल्टची होते. दरीचा तळ रेग्युलेटरला लागणाऱ्या किमान व्होल्टेजच्या खाली गेला, की 5 व्होल्टच्या लाइनवर सेकंदाला 100 खड्डे पडतात. मीटरला डीसी सरासरी दिसते, म्हणून तो 4.9 दाखवून गप्प बसतो. बोर्ड मात्र प्रत्येक खड्ड्यात अडखळतो.

ऑसिलोस्कोप नसेल तर मीटर एसी मोडवर लावा. दीड व्होल्टचा शिखर ते तळ रिपल (म्हणजे वरची दरी) साधारण 0.43 व्होल्ट एसी दिसतो. त्याच्या दुप्पट दिसला तर कपॅसिटर गेला. 5 व्होल्टच्या रेग्युलेटेड लाइनवर हाच आकडा काही मिलिव्होल्टच हवा. 50 मिलिव्होल्टला धोक्याची सीमा माना. एक पाहून घ्या: काही स्वस्त मीटर एसी मोडमध्ये डीसी अडवत नाहीत. प्रोब उलटसुलट केल्यावर एकदा भलामोठा आकडा आणि एकदा शून्य दिसलं तर तुमचा मीटर त्यातला आहे. मग लाल प्रोबला 1 मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर मालिकेत जोडा.

नवा कपॅसिटर 105 अंशांचा, मूळ व्होल्टेजचा किंवा एक पायरी वरचा, आणि मूल्य मूळच्या आसपास घ्या. 27,000च्या जागी 30,000 चालेल, 68,000 नको. चालू करताना ब्रिज आणि फ्यूजवर उगाच धक्का बसतो. नवे कपॅसिटर आकाराने लहान असतात आणि जुन्या पट्टीत सैल बसतात. त्यांना तारांवर लोंबकळत ठेवू नका. फिरवताना, हलवताना पाय तुटतात.

पास ट्रान्झिस्टर (ज्यातून लोडचा करंट जातो तो) बहुधा 2एन3055 असतो, मोठ्या धातूच्या डब्यात. त्याचा डबा म्हणजेच कलेक्टर (ट्रान्झिस्टरच्या तीन टोकांपैकी एक), म्हणून हीटसिंकशी तो अभ्रकाच्या पातळ चकतीने विलग केलेला असतो. चकतीच्या दोन्ही बाजूंना पेस्ट, आणि बसवल्यावर डबा ते हीटसिंक ओहममध्ये तपासायचं: काहीही वाजता कामा नये. उणे व्होल्टेजच्या बाजूला 7905 हा रेग्युलेटर असेल तर लक्षात ठेवा, त्याच्या पायांची मांडणी 7805पेक्षा वेगळी आहे. 7805: इनपुट, ग्राउंड, आउटपुट, मागची धातूची पट्टी ग्राउंडला. 7905: ग्राउंड, इनपुट, आउटपुट, पट्टी इनपुटला. दोघांच्या पट्ट्या एकाच हीटसिंकला थेट कसल्या, तर उणे इनपुट सरळ ग्राउंड होतं.

काही सप्लायमध्ये जादा व्होल्टेज आलं की एससीआर (इशारा मिळताच चालू होणारा डायोडसारखा स्विच) लाइन शॉर्ट करून फ्यूज उडवतो. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर मोठा फ्यूज टाकू नका. तो फ्यूज बहुधा गेमचा बोर्ड वाचवतो आहे.

अटारीच्या ऑडिओ-रेग्युलेटर बोर्डावर सेन्सच्या दोन तारा असतात. त्या गेमच्या बोर्डापर्यंत जाऊन तिथलं व्होल्टेज रेग्युलेटरला सांगतात. एज कनेक्टर खराब झाला की रेग्युलेटर तूट भरून काढायला आउटपुट चढवतो आणि कनेक्टर आणखी तापतो. म्हणून हे बोर्ड उघडले की जळकट रोध दिसतात. बरेच जण सेन्सच्या तारा रेग्युलेटर बोर्डावरच आउटपुटला बांधून टाकतात. माझ्या मते ते आधी कनेक्टर नवा करून मगच करावं, नाहीतर लक्षण जातं आणि कारण राहतं.

मग स्विचिंग सप्लाय कधी? गेमला फक्त +5, +12 आणि -5 लागत असतील आणि मूळ सप्लाय खरंच कामातून गेला असेल, तेव्हा. 1985च्या जामा मांडणीच्या (वेगवेगळ्या गेमना एकच ठरलेला कनेक्टर) मशीनमध्ये हे सगळ्यात सोपं: 56 पिनांच्या कनेक्टरवर ग्राउंड 1, 2, ए, बी; +5 व्होल्ट 3, 4, सी, डी; -5 पिन 5 आणि ई; +12 पिन 6 आणि एफ. चारही +5 पिनांना आणि सगळ्या ग्राउंडना स्वतंत्र तार द्या. एकाच तारेवर भागवलं की पुन्हा तोच 0.05 ओहमचा खेळ सुरू.

त्याआधीच्या मशीनमध्ये जपून. ट्रान्सफॉर्मर काढून टाकायची घाई तर मुळीच नको. मॉनिटर ज्या आयसोलेशन (मेन्सपासून विलग करणाऱ्या) ट्रान्सफॉर्मरवर चालतो तो राहिलाच पाहिजे. जी07सारख्या हॉट चेसिसच्या (ज्याचा सांगाडा मेन्सपासून विलग नसतो अशा) मॉनिटरला थेट मेन्स दिलं तर बोर्डाचा धूर आणि तुमचा जीव, दोन्ही पणाला. निन्टेंडोच्या डाँकी काँगमध्ये मॉनिटर 100 व्होल्टचा असतो, तोही कॅबिनेटमधल्याच ट्रान्सफॉर्मरवर. अटारीच्या ॲस्टरॉइड्समध्ये व्हेक्टर (रेषांनी चित्र काढणाऱ्या) भागाला आणि मॉनिटरला वेगळी एसी व्होल्टेज लागतात, आणि आवाजाचा अँप्लिफायर रेग्युलेटर बोर्डावरच बसलेला असतो. तिथे स्विचर लावून हाती काही लागत नाही, मूळच दुरुस्त करा. पॅक-मॅनच्या मूळ बोर्डाला तर एसीच जाते. रेक्टिफायर आणि रेग्युलेटर बोर्डावर आहेत. बाहेरून 5 व्होल्ट द्यायचे तर ते रेग्युलेटरच्या पुढे द्यावे लागतात आणि मूळ रेग्युलेटर तोडावा लागतो. एसीच्या पिनांवर 5 व्होल्ट दिले तर डायोड आणि रेग्युलेटरमध्येच बरंच व्होल्टेज संपतं.

डिफेंडर किंवा रोबोट्रॉनसारख्या विल्यम्सच्या बोर्डांवर 4116 जातीच्या 24 रॅम चिप असतात. त्यांना तिन्ही व्होल्टेज लागतात आणि -5 सगळ्यांत आधी यावं, सगळ्यांत शेवटी जावं. -5 न येता +12 आलं तर चिप मरतात. मोजताना 4116चे पाय असे: 1 ला -5, 8 ला +12, 9 ला +5 आणि 16 ला ग्राउंड. टीटीएलच्या सवयीने काळा प्रोब 8 वर ठेवला तर घोटाळा होतो. स्विचर जोडताना -5ची तार विसरली, ही या बोर्डांवरची सगळ्यात महागडी चूक.

स्विचर बोर्डाला लावण्याआधी नकली लोडवर चालवा: +5 ला 1 ओहम 50 वॉट (5 अँपिअर ओढतो, रोध कडकडीत तापतो, लाकडावर ठेवू नका), +12 ला 12 ओहम 25 वॉट, -5 ला 22 ओहम 5 वॉट. बऱ्याच स्विचरना किमान लोड लागतो. नुसत्या टोकांवर मोजलेला आकडा फसवा असतो. शिवाय पॉट फक्त 5 व्होल्टवर नजर ठेवतो, 12 त्याच्या मागोमाग जातं. 5 चढवलं की 12 पण चढतं, तेव्हा दोन्ही पाहत पॉट फिरवा. मेटल चेसिसला मेन्सची अर्थ जोडलीच पाहिजे.

मूळ सप्लायच थेट मेन्सवर चालणारा स्विचिंग असेल, तर त्याच्या प्राथमिक बाजूच्या मोठ्या कपॅसिटरवर 230 व्होल्ट मेन्सवर सुमारे 325 व्होल्ट डीसी उभे असतात, प्लग काढल्यावरही काही वेळ. 2.2 किलोओहम 5 वॉटच्या रोधातून रिकामा करा, मीटरने शून्य पाहा, मग हात लावा. सप्लाय थंड असताना सुरू होत नाही आणि हेअर ड्रायरने गरम केल्यावर होतो, अशी तक्रार असेल तर प्राथमिक बाजूचा स्टार्टअपचा छोटा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आधी बदला. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करताना मेन्सच्या मालिकेत 60 वॉटचा तारेचा बल्ब ठेवा: क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, लखलखीत राहिला तर आत शॉर्ट आहे.

बोर्ड जोडल्यावर चिपच्या पायांवर 5.05 लावा आणि आकडा कागदावर लिहा. तासभर गेम चालवून तेच पाय पुन्हा मोजा. 0.1 व्होल्टहून जास्त घसरण असेल तर पॉटला हात न लावता प्लग काढा आणि लगेच प्रत्येक कनेक्टरला बोट लावून पाहा. जो गरम लागेल, तोच पुन्हा क्रिंप करायचा.