जीबीएस : सूज उतरली, मग पुढे?

सिस्टर दर दोन तासांनी कॉटपाशी यायच्या. "बाई, खोल श्वास घ्या आणि एका दमात मोजता येईल तेवढं मोजा." पहिल्या रात्री मी बत्तीसपर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वीस. दुपारी एकोणीसवर दम संपला. पहिली-दुसरीच्या मुलांकडून अंक म्हणून घेण्यात माझी एकवीस वर्षं गेली आहेत, आणि त्या दुपारी वीस हा आकडा काही केल्या तोंडातून निघेना. संध्याकाळी मला आयसीयूत हलवलं.

ही गोष्ट जानेवारी २०२५ ची. आम्ही धायरीत राहतो. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या पट्ट्यात गुलेन-बॅरी सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण एकापाठोपाठ एक सापडत होते. पुढे हा आकडा दोनशेच्या वर गेला. मला महिन्याच्या सुरुवातीला तीन दिवस जुलाब झाले आणि थांबले. त्यानंतर दहा-अकरा दिवसांनी तळपायांना मुंग्या यायला लागल्या. मग जिना उतरताना गुडघे दुमडायला लागले. तिसऱ्या दिवशी गॅसचं लायटर दाबायला अंगठ्यात जोर उरला नव्हता. ज्या डॉक्टरांकडे आधी गेलो त्यांनी अशक्तपणा म्हणून बी-बाराचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. त्यात दीड दिवस गेला, आणि या आजारात दीड दिवस फार मोठा असतो. दुसऱ्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी गुडघ्याखाली छोटी हातोडी मारली. पाय जराही उडाला नाही. दुसऱ्या पायाचंही तेच. त्यांनी तिथूनच फोन करून मोठ्या हॉस्पिटलात बेड बघितला.

तिथे पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासलं. त्यात प्रथिनं वाढलेली होती, पेशी मात्र नेहमीइतक्याच होत्या. १९१६ मध्ये गुलेन, बॅरी आणि स्ट्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांमध्ये नेमकी हीच विसंगती टिपली होती आणि आजही निदानाला तिचाच आधार घेतात. मग नसांची तपासणी झाली. हातापायांवर तारा लावून विजेचे बारीक झटके देतात आणि संदेश नसेतून किती वेगाने जातो ते बघतात. माझा वेग खूपच कमी झालेला होता.

मला समजलं ते असं. आतड्यात शिरलेल्या जंतूशी लढायला शरीर जी प्रतिपिंडं तयार करतं, ती कधी कधी चुकून स्वतःच्याच नसांवर चालून जातात, कारण जंतूच्या अंगावरचे काही रेणू आणि नसेवरचे काही रेणू दिसायला सारखे असतात. कॅम्पायलोबॅक्टर या जंतूच्या बाबतीत हे साम्य नीट सिद्ध झालेलं आहे. पुण्यातल्या काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेला तो सापडलाही. हल्ला झाला की नसेपाशी दाह, म्हणजे सूज सुरू होते, भक्षक पेशी जमतात आणि नसेचं वेष्टन सोलून काढतात. काही जणांत आतल्या तंतूलाच धक्का बसतो. माझं बहुतेक नुकसान वेष्टनाचं होतं, डाव्या पायात मात्र तंतूंनाही इजा झाली होती.

औषध दिलं आयव्हीआयजी. हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून वेगळी केलेली प्रतिपिंडं असतात ती. मात्रा वजनावर ठरते, किलोमागे एकूण दोन ग्रॅम. माझं वजन साठ किलो, त्यामुळे पाच ग्रॅमच्या पाच बाटल्या रोज, असे पाच दिवस. ह्यांनी त्या बाटल्यांसाठी किती धावपळ केली आणि कुठली एफडी मोडली, ते मला कितीतरी दिवसांनी कळलं. घरात सगळ्यांची समजूत अशी, की पाच दिवस झाले की बाई उठून बसणार.

झालं उलटंच. तिसऱ्या दिवशी मला व्हेंटिलेटरवर घेतलं. पाचव्या दिवशीची शेवटची बाटली संपली तेव्हा बोटसुद्धा हलत नव्हतं. बाहेर नातेवाईक म्हणायला लागले, औषध लागू पडलं नाही, पेशंटला हलवा. त्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेतलं आणि एक्स-रेच्या पाकिटामागे पेनाने एक रेघ काढली. आधी खाली घसरणारी, मग आडवी, मग अगदी हळू वर चढणारी. ते पाकीट आम्ही जपून ठेवलंय. ते म्हणाले, "घसरण चार आठवड्यांच्या आत थांबते, बहुतेकांची दोनातच. औषधाने हल्ला आवरतो. नस भरून आणायचं काम शरीराचं, त्याला शरीराचा वेळ लागणार."

मला जे सांगायचंय ते एवढ्यावरच येतं. सूज उतरणं आणि नस भरून येणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याला औषध आहे, दुसऱ्याला वेळ, व्यायाम आणि माणसं लागतात. हे पहिल्याच दिवशी कुणी समजावून सांगितलं असतं तर आमच्या घरातल्या चार माणसांच्या चार रात्री रडण्यात गेल्या नसत्या.

व्हेंटिलेटरवर अकरा दिवस होते. सगळं ऐकू येत होतं, समजत होतं, फक्त सांगता येत नव्हतं. माझा नववीतला मुलगा पुठ्ठ्यावर मुळाक्षरांचा तक्ता करून घेऊन आला. तो ओळीवर बोट ठेवणार, बरोबर ओळ आली की मी पापणी मिटणार, मग त्या ओळीतलं अक्षर, मग काना-मात्रा. माझा पहिला शब्द होता 'कूस'. क लगेच सापडला. ऊकारासाठी तो तक्त्याच्या तळाशी गेला, तेव्हा मी आधीच पापणी मिटली आणि त्याला वाटलं 'का'. "काय? काय आई?" पुन्हा पहिल्यापासून. शेवटी स आला आणि त्याने ओरडूनच सांगितलं, "सिस्टर, आईला कूस बदलायचीय!" एकाच बाजूवर किती तास पडून होते देव जाणे, आणि ते दुखणं साधं नव्हतं. हात लावला तरी आग व्हायची. जीबीएसमध्ये ताकद जाते हे सगळ्यांना ठाऊक असतं. वेदनेबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. पेशंट गप्प दिसला तरी त्याला विचारा, हो-नाहीची काहीतरी खूण ठरवून घ्या.

फेब्रुवारीच्या शेवटी मला पुनर्वसन विभागात आणलं. शेजारच्या गादीवर एक मुलगी होती, मल्टिपल स्क्लेरोसिसची. तिला स्टिरॉइडची सलाईन मिळाली होती आणि तिची नजर आठवड्यात सुधारली होती. मी डॉक्टरांना विचारलं, मला का नाही दिलं? उत्तर मिळालं, जीबीएसमध्ये स्टिरॉइडचा उपयोग होत नाही, हे चाचण्यांतून दिसून आलंय. तिच्या आजारात वेष्टन सोलवटतं ते मेंदू आणि मज्जारज्जूत, माझं हातापायांच्या नसांत. बाहेरच्या नसांमध्ये श्वान नावाच्या पेशी असतात. इजा झाली की त्या आपलं नेहमीचं काम सोडून दुरुस्तीला लागतात, वाढतात, नव्या तंतूला वाट करून देतात आणि वेष्टन पुन्हा गुंडाळतात. मेंदूत हे काम वेगळ्या पेशींकडे असतं आणि तिथे दुरुस्ती बऱ्याचदा अर्धवट राहते, वण धरतो. ती मुलगी हे सगळं ऐकत होती. मला फार अपराधी वाटलं. रात्री तिनेच माझा पाय धरून घोट्याचा व्यायाम करून घेतला.

आणखी एक गोष्ट मला तिथेच कळली. ज्या भक्षक पेशींनी माझ्या नसांचं वेष्टन सोललं, त्याच पेशी पुढे तुटकं-फुटकं साफ करतात, आणि ती सफाई झाल्याशिवाय नवं वेष्टन नीट चढत नाही. तोपर्यंत मी त्या सुजेला मनातल्या मनात शिव्या देत होते. त्यानंतर दिल्या नाहीत.

फिजिओथेरपीच्या मॅडमनी हातासाठी कपडे वाळत घालायचे प्लास्टिकचे चिमटे आणले. चिमटा उघडायचा आणि दोरीला लावायचा. पहिल्या दिवशी एकही उघडला नाही. नवव्या दिवशी एक उघडला आणि दोरीपर्यंत जायच्या आत बोटांतून सुटला. महिन्याभराने बारा. त्या वेळी उत्साहात मी वीस लावले आणि पुढचे दोन दिवस हात उचलेना. मॅडम रागावल्या, "काकू, थकवा यायच्या आधी थांबायचं, थकल्यावर नाही." नव्या नसेला जास्तीचा ताण सोसत नाही. हा थकवा ताकद परत आली तरी रेंगाळतो, आणि घरातल्यांना तो आळस वाटू शकतो. तो आळस नसतो, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते.

इजा झालेला तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, असं मुलाने ऐकलं. त्याने शिवणाची टेप घेतली आणि माझ्या कमरेपासून डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत मोजलं. चौऱ्याण्णव सेंटिमीटर. "आई, ९४० दिवस." असं म्हणून तो गप्प बसला. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी त्याला समजावलं, की तंतू कमरेपासूनच तुटले असं नसतं, पुष्कळदा टोकांपाशीच बिघडतात, म्हणून हिशोब इतका लांबत नाही. वेष्टनाला तर आठवडे-महिनेच लागतात, फक्त नवं वेष्टन जुन्याहून पातळ राहतं.

तुमच्या घरात कुणाला दोन्ही पायांत एकदम मुंग्या आणि कमजोरी वर चढत असेल, विशेषतः जुलाब किंवा ताप होऊन गेल्यानंतर, तर हातोडी मारून बघणाऱ्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जा. गिळताना ठसका लागत असेल, मोजताना दम तुटत असेल तर रात्र काढू नका.

आता अकरा महिने झालेत. नसांची तपासणी पुन्हा झाली, वेग बराच वर आलाय, नेहमीच्या पातळीला अजून नाही. जूनपासून शाळेत जाते. पहिला तास फळ्यापाशी उभी राहून घेते, दुसरा बसून. डाव्या पावलाला स्प्लिंट आहे. तो अंगठा अजून वर उचलत नाही. दर रविवारी आंघोळीआधी मी स्प्लिंट काढून बसते, मुलगा समोर बसतो, आणि आम्ही दोघं अंगठ्याकडे बघत राहतो. गेल्या रविवारी त्याच्या मुळाशी शीर ताणल्यासारखी दिसली. मुलगा म्हणाला, हलला. मला तसं वाटलं नाही. येत्या रविवारी परत बघू.